शेवटचा मोमो

एका जंगलात पाहुण्यांना घरी जेवायला बोलावणं गावंढळपणाचं मानलं जाऊ लागलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. बाळांनो, सावरून बसा. भूक लागली असेल तर आधी दोन घास खाऊन या. गोष्ट खाण्याची आहे, पण तिच्यात बराच वेळ कुणाचंच पोट भरत नाही.

त्या जंगलात साळिंदरांच्या कुळातली साळूबाई राहायची. तिचा संसार नेटका होता. नवरा आप्पा, कंद उकरण्यात तरबेज. मुलगी शलाका, लग्नाची. बीळ हवेशीर होतं, दाराशी पाणी होतं. काळजी एकच होती. शलाकाचं लग्न जुळत नव्हतं.

मुलीत काही खोट नव्हती. खोट पोह्यांत निघायची.

पहिल्या स्थळाला पोह्यांवर खोबरं जास्त वाटलं. ते म्हणाले, "एवढा सढळ हात आमच्याकडे चालायचा नाही." म्हणून दुसऱ्या वेळी साळूबाईनं खोबरं बेतानं घातलं. ती मंडळी बशीत खोबरं शोधत बसली, आणि जाताना म्हणाली, "घर जरा आखडतं दिसतं."

तिसरं स्थळ नदीपलीकडच्या साळिंदरांपैकी गोदाक्कांचं होतं. त्यांचा मुलगा निमिष. आता तुम्हाला म्हणून सांगते, निमिष आणि शलाका यांची आधीच ओळख झाली होती. नदीकाठी मिठाचा एक दगड होता. सगळं जंगल तो चाटायला जायचं. हे दोघंही जायचे. नंतर नंतर फक्त हे दोघंच जायचे, आणि दगड चाटायचं विसरून परत यायचे.

शलाका आईला म्हणाली, "आई, हे स्थळ पोह्यांवरून मोडलं, तर मी पुन्हा कुणासमोर बशी घेऊन उभी राहणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

साळूबाईला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तिनं टिटवीमावशीला गाठलं. स्थळ मावशीनंच आणलं होतं.

"अगं बये, घरी बोलावतेस कशाला?" टिटवी म्हणाली. "हॉटेलात भेटा. तिथलं खारट निघालं तर हॉटेलचं नाव खराब. तुझं काय जातंय?"

साळूबाईला हे पटलं.

जंगलाच्या चौकात तेव्हा नवीन हॉटेल निघालं होतं. नाव होतं 'बांबू अँड बेसिल'. मालक रानडुक्कर. तो आयुष्यात कधी डोंगरापलीकडे गेला नव्हता, पण त्याच्याकडे एका भिंतीवर लाल कंदील होते आणि दुसऱ्या भिंतीवर इटलीचा सूर्यास्त. चीन, थायलंड आणि इटली एकाच स्वयंपाकघरात सुखानं नांदत होते. तिन्ही देशांना लागणारा लसूण एकाच पाटीतून यायचा.

रविवार ठरला. निघण्याआधी साळूबाईनं घरात सूचना दिल्या.

"हे बघा, तिथं पोट भरत नाही म्हणतात. तेव्हा दोन-दोन भाकऱ्या खाऊन निघायचं. हावरटपणा करायचा नाही. आणि आपल्या कुळाची रीत लक्षात ठेवा. ताटलीतला शेवटचा तुकडा कुणी उचलायचा नाही."

"पण तो तसाच टाकायचा?" आप्पांनी विचारलं.

"अन्न टाकायचं नाही."

"मग त्याचं करायचं काय?"

"अहो, समोरच्यांनी घ्यायचा. आपण आग्रह करायचा. एवढंही मीच सांगू का?"

बाळांनो, साळिंदरांची ही रीत फार जुनी आहे. शेवटचा तुकडा उचलतो तो हावरट आणि टाकतो तो मस्तवाल. घरी जेवायला बसलं की हा प्रश्न येत नाही. घरी शेवटचा तुकडा आई खाते, तोही उभ्या उभ्या, स्वयंपाकघरात, कुणाला न दिसता. हॉटेलात मात्र आईसुद्धा खुर्चीवर बसलेली असते. ही गोष्ट साळूबाईच्या ध्यानात आली नाही.

हॉटेलात दोन्ही घरं समोरासमोर बसली. इकडे साळूबाई, आप्पा, शलाका. तिकडे गोदाक्का, त्यांचे यजमान तात्यासाहेब आणि निमिष. शलाका आणि निमिष एकमेकांना पहिल्यांदाच बघितल्यासारखे बघत होते. ते त्यांना फार चांगलं जमत होतं.

वाढायला बगळा होता. पांढराशुभ्र, मान वाकडी, एका पायावर उभा.

"पाणी साधं की बाटलीचं?" बगळ्यानं विचारलं.

"नदीचं नाही का?" तात्यासाहेब म्हणाले.

"बाटलीत नदीचंच आहे, साहेब."

मग मेन्यूकार्ड आलं. आप्पांनी ते उलटं धरलं आणि गंभीरपणे मान डोलावली. गोदाक्का म्हणाल्या, "आम्ही काय, नेहमीच येतो. तुम्हीच सांगा." साळूबाई म्हणाली, "आम्हीही नेहमीचेच. तुम्ही पाहुणे, तुम्ही सांगा." असं बराच वेळ चाललं. शेवटी पोरांनी मागवलं. सूप, गार्लिक ब्रेड, पिझ्झा, नूडल्स आणि मोमो.

नूडल्सबरोबर दोन-दोन काड्या आल्या. आप्पांना वाटलं, पाठ खाजवायला दिल्यात. त्यांनी पाठ खाजवली आणि त्यांना बरं वाटलं. तात्यासाहेबांनी ते बघून आपलीही पाठ खाजवून घेतली. शलाकानं मात्र आपल्या अंगावरचे दोन काटे अलगद उपसले आणि त्या काट्यांनी नूडल्स खाल्ल्या. निमिषनंही तसंच केलं. गोदाक्का तिच्याकडे बघत राहिल्या.

"हाताला वळण आहे हो पोरीच्या," त्या म्हणाल्या.

साळूबाईचा जीव भांड्यात पडला. इथवर सगळं छान चाललं होतं. घोटाळा झाला तो पुढे.

मोमोच्या टोपलीत सात मोमो होते आणि खाणारे सहा. प्रत्येकानं एकेक घेतला. एक उरला.

पिझ्झ्याचाही एक तुकडा उरला होता. गार्लिक ब्रेडचा एक उरला होता. सुपाच्या मोठ्या वाडग्यात एक पळीभर सूप उरलं होतं. नूडल्सच्या बशीत एक लांबलचक नूडल एकटीच वेटोळं घालून पडली होती. टेबलावर शेवटच्या तुकड्यांची वसाहत झाली. नवीन काही ठेवायला जागा उरली नाही, आणि आहे ते कुणी उचलेना.

"झालं का?" बगळ्यानं येऊन विचारलं.

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. बगळा दुसऱ्या पायावर उभा राहिला.

गोदाक्का गोड आवाजात म्हणाल्या, "शलाका, घे ना गं तो मोमो. केव्हाचा तुझ्याकडेच बघतोय."

साळूबाई सावध झाली. ही परीक्षा होती. पोरीनं घेतला तर हावरट ठरणार होती.

"नको काकू," शलाका म्हणाली. "मोठ्यांचा मान. तुम्ही घ्या."

"छे गं. माझं अगदी गळ्याशी आलंय."

तेवढ्यात गोदाक्कांचं पोट गुरगुरलं. सगळ्यांनी ऐकलं. सगळे इटलीच्या सूर्यास्ताकडे बघू लागले.

"तात्यासाहेब, तुम्ही तरी घ्या," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुमच्या आधी कसा घेऊ? तुम्ही मुलीकडचे."

"म्हणून तर तुम्ही घ्यायचा."

"राहू दे मग," निमिष म्हणाला. "एवढं काय, टाकून देऊ."

साळूबाईच्या पाठीवरचे काटे सर्रकन उभे राहिले. टाकून देऊ? उद्या हा तिच्या लेकीचा संसारही असाच टाकून देईल. शलाकानं टेबलाखालून निमिषला पाय मारला. तो चुकून तात्यासाहेबांना लागला.

तात्यासाहेब दचकले आणि दचकून शहाणपणाचं बोलले. "अर्धा अर्धा करू. अर्धा मी घेतो, अर्धा आप्पा घेतील."

सगळ्यांना हायसं वाटलं. मोमो कापला. तात्यासाहेबांनी अर्धा उचलला आणि तोंडात टाकला. आप्पांनी हात पुढे केला आणि तसाच थांबवला. उरलेला अर्धा आता शेवटचा झाला होता.

"त्याचाही अर्धा करू," आप्पा हळूच म्हणाले.

"गप्प बसा," साळूबाई म्हणाली.

दाराबाहेर रांग वाढत चालली होती. काळविटाचं कुटुंब काचेला नाक लावून आत बघत होतं. त्यांच्यामागे अस्वल पोटावर हात फिरवत उभं होतं. गल्ल्यावर बसलेला रानडुक्कर सारखा खाकरत होता.

गोदाक्कांनी तोंड पुसलं. "आमच्या नदीपलीकडे," त्या म्हणाल्या, "आग्रह मनापासून करतात. मनापासून केलेला आग्रह कुणाला मोडवत नाही."

"आमच्या नदीअलीकडे," साळूबाई म्हणाली, "पाहुणे एका सांगण्यात घेतात. भाव खात नाहीत."

"भाव? अहो, खाण्यासारखं इथं दुसरं आहे तरी काय?"

"घरी पोहे केले असते. पण तुमच्यासारख्यांना पोहे कसे चालतील म्हणून इथं आणलं."

"आम्ही कधी म्हटलं पोहे चालत नाहीत?"

दोघींचेही काटे उभे होते. खुर्च्यांच्या गाद्यांतून कापूस बाहेर आला होता. आप्पा आणि तात्यासाहेब खाली मान घालून आपापल्या काड्या न्याहाळत होते. निमिषचा चेहरा उतरला होता.

साळूबाईला कळत होतं की आता थांबायला हवं. अजून एक वाक्य बोललं की स्थळ गेलं. पण ते वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, आणि फार चांगलं वाक्य होतं. तिनं लेकीकडे बघितलं. शलाका तिच्याकडे बघतच नव्हती. ती बगळ्याकडे बघत होती. तिनं भुवई किंचित उचलली, टेबलाकडे नजर टाकली आणि पुन्हा बगळ्याकडे बघितलं.

साळूबाईनं हे बघितलं, पण तिला काही उमगेपर्यंत बगळ्याला उमगलं होतं.

बगळा आला. त्यानं काही विचारलं नाही. पिझ्झ्याच्या तुकड्यावर गार्लिक ब्रेड ठेवला, त्यावर अर्धा मोमो, त्यावर नूडल, आणि वरून ते पळीभर सूप ओतलं. सगळं एका बशीत गोळा केलं आणि मान वाकडी करून चालू पडला.

मग गोदाक्का उभ्या राहिल्या.

"बघितलंत का, विहीणबाई?" त्या साळूबाईला म्हणाल्या. "हातातला घास नेला मेल्यानं."

'विहीणबाई' हा शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांच्या लक्षात आला. सगळ्यांच्याच लक्षात आला. आप्पांच्या हातातली काडी खाली पडली.

साळूबाईच्या जिभेच्या टोकावरचं ते चांगलं वाक्य तिनं गिळून टाकलं. त्या दिवशी हॉटेलात तिनं गिळलेला तोच सगळ्यात मोठा घास.

"बघितलं तर, विहीणबाई," ती म्हणाली. "आणि सूप कशावर ओतलं, तेही बघितलं. ही काय पद्धत झाली? चला, मालकाला विचारू."

दोघी गल्ल्यापाशी गेल्या, हातात हात घालून.

"तो मोमो आम्ही खाणारच होतो," साळूबाई म्हणाली.

"आत्ता खाणार होतो," गोदाक्का म्हणाल्या.

"आणि पंखा नेमका डोक्यावर."

"आणि सूप गार."

"गार नव्हतं हो, विहीणबाई, पांचट होतं."

"गारही होतं आणि पांचटही होतं. तुमचं खरं आणि माझंही खरं."

रानडुक्कर बिचारा उभा राहिला. "ताई, चूक झाली. दोन्ही घरांना आमच्याकडून आईस्क्रीम देतो."

"आम्ही फुकटचं खात नाही," गोदाक्का म्हणाल्या.

"मुळीच खात नाही," साळूबाई म्हणाली. "बांधून द्या."

बाहेर आल्यावर साळूबाईनं धीर केला. "घर जवळ आहे. पिठलं टाकते. चालेल ना?"

"चालेल काय, पळेल," तात्यासाहेब म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं मनापासूनचं वाक्य.

पिठलं झालं. घाईत मीठ जरा जास्त पडलं. साळूबाईनं पहिला घास घेतला आणि तिला ते कळलं. तिनं गोदाक्कांकडे बघितलं. गोदाक्कांनी पिठलं चाखलं, दुसरा घास घेतला आणि त्या म्हणाल्या, "त्या हॉटेलापेक्षा लाख पटीनं बरं."

त्यावरून पुन्हा हॉटेलचा विषय निघाला. काड्यांपासून कंदिलांपर्यंत एकही गोष्ट सुटली नाही. बोलता बोलता लग्नाची तारीख ठरली. ती कुणी ठरवली, हे पुढे कुणालाच सांगता आलं नाही.

लग्नाला सगळं जंगल आलं होतं. पंगतीत जागोजागी दोघी विहिणी शेजारी शेजारी उभ्या राहून मोमोची गोष्ट सांगत होत्या. प्रत्येक वेळी मोमो जरा मोठा होत होता. बगळ्यालाही आमंत्रण गेलं होतं. ते शलाकानं पाठवलं होतं. बगळा आला, एका पायावर उभा राहून जेवला आणि ताटातला शेवटचा घास कुणाला न विचारता खाऊन गेला.

तात्पर्य : गोड बोलून दोन घरं जुळतात, पण त्याला फार दिवस लागतात. काम लवकर व्हायचं असेल तर दोघांनी मिळून नावं ठेवायला एक तिसरा शोधावा. तो मिळत नसेल तर सरळ हॉटेलात जावं. तिथे तो पाणी घेऊन स्वतःच येतो.