मारुतीभाऊंचं टांगलेलं बिऱ्हाड

आमच्या मारुतीभाऊंच्या खोलीत पाय ठेवायच्या आधी डोकं सांभाळावं लागतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तुरीच्या डाळीचं गाठोडंच कपाळावर आदळलं. वर बघते तर पत्र्याखालच्या पाइपांना सगळा संसार टांगलेला! पीठ, पातेली, पांघरुणं, चपलासुद्धा. खाली फरशी मात्र लख्ख मोकळी.

"वहिनी, जागा सांडायची न्हाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दूध सांडो, पाणी सांडो, जागा नाही सांडायची.

जुन्या जालन्यात माझ्या घरामागं ही दहा बाय आठची खोली. आधी मी तिच्यात गोवऱ्या ठेवायचे, आता ती भाड्यानं दिलीय. मारुतीभाऊ एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात पोती शिवतात. मी म्हटलं, अहो, दोन खोल्या घ्या की! तर म्हणाले, "दोन घेतल्या की एकीत मी नसतो. मंग तिचा खर्चा बिलकुल फुकट की!" मी कपाळाला हात लावला.

सुट्टीच्या दुपारी ते फरशीवर उताणे पडून राहायचे. टेबलफॅनच्या वाऱ्यानं गाठोडी हळूहळू डुलायची. "बघा वहिनी, मेंढरं चालून राह्यलीत." लहानपण मेंढरांमागं रानोरान गेलेलं, दुसरं काय दिसणार? मी खरं तर ओरडायला गेलेली असायचे, की आठ दिवसांनी नळ आलाय, उठा! आणि उंबऱ्यात बसून मीच बघत राहायचे. पत्र्याच्या भोकांतून ऊन उतरायचं, त्यात धूळ तरंगायची, आणि खरंच चालायची हो ती मेंढरं. तोवर नळ निघून जायचा.

ही सगळी काटकसर आक्कासाठी. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. आता परतूरकडं गावात एकटी असते, गुडघे गेलेत. तिच्या औषधाला पैसा आणि अंथरुणाला जागा, हाच भाऊंचा ध्यास. फोनवर रोज तेच, "आक्का, ये, जागा हाये." आणि तिचंही रोज तेच, "तुझ्या खुराड्यात म्या न्हाई येत."

दिवाळीनंतर आली एकदाची. काठी टेकत दारात थांबली, एकेक गाठोडं निरखलं आणि चेहरा खुलला.

"समदं बांधून ठिवलंस व्हय रं? बरं केलंस. कव्हा निघायचं?"

मेंढरांमागं जन्म काढलेल्या बाईला बांधलेलं बिऱ्हाड म्हणजे निघायची वेळ! तिला वाटलं, भाऊ गावी परत निघाला. चपलासुद्धा न काढता ती उंबऱ्यात बसली.

मारुतीभाऊंचं तोंड इतकंसं झालं. ते म्हणाले, "निघायचं न्हाई, आक्का. हितंच ऱ्हा. मला एकट्याला करमत न्हाई गं."

आक्कानं काठी फरशीवर आपटली.

"मंग तसं सांगावं की, मुडद्या! जागा हाये, जागा हाये, काय लावल्तं इतके दिस? करमत न्हाई म्हणला आसतास तर कव्हाच आले आसते. उतरव ते समदं. बिऱ्हाड भुईला टेकल्याबिगर मुक्काम हुतो का?"

गाठोडी खाली आली. फरशी दिसेनाशी झाली. मी डोळे पुसत घरी परतले, तोच मारुतीभाऊ मागोमाग दारात.

"वहिनी, चहाला एक कप द्या. माझ्याकडं एकच हाये."

"न्या. पण आठवणीनं परत आणा."

"परत न्हाई," ते म्हणाले. "कायमचाच द्या."