चिमाबाईचा चिंचोका

एका जंगलात रसिक फार झाले होते.

मुलांनो, रसिक म्हणजे जो डोळे मिटून मान डोलावतो तो. सिंहमहाराजांना कोकिळेच्या गाण्याचा भारी नाद. ऐकताना ते डोळे मिटत, म्हणून सगळेच मिटत. पुढे कुस्ती असो की कावळ्याचं चित्रप्रदर्शन, दाद द्यायची ती डोळे मिटूनच, असा रिवाज पडला.

त्याच जंगलात चिमाबाई नावाची खार हातचलाखीचे खेळ करायची. तिच्या मुठीतला चिंचोका फुंकर मारली की नाहीसा व्हायचा आणि समोरच्याच्या कानातून निघायचा. त्यासाठी तिने सात वर्षं बोटं झिजवली होती. वीतभर अंतरावर बसून बघावा, असा नाजूक खेळ.

दर शनिवारी वडाखाली बैठक भरे. चिमाबाईने मूठ वळली रे वळली, की सिंह डोळे मिटून म्हणे, "व्वा!" अस्वलाला हुंदका फुटे. त्याच्या कानातून चिंचोका काढला, तर ते म्हणे, "कान कशाला ओढता बाई? तंद्री मोडते!"

चिमाबाई घरी जाऊन रडायची. "अहो, एकाने तरी बघा हो!"

एकदा बैठकीला धामण आली. सापांना पापण्या नसतात. तिने पहिल्याच रांगेत वेटोळं घातलं आणि टक लावली.

धामण खारी खाते, हे चिमाबाईला ठाऊक होतं. झाड दोन उड्यांवर होतं. पण सात वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या बोटांकडे बघत होतं! तिचा पाय निघेना.

"हा चिंचोका," ती म्हणाली.

"दिसतोय," धामण म्हणाली.

"हा गेला."

"अगं बाई! बगलेत नाही, शेपटीत नाही. गेला कुठे?"

"जरा जवळ या ना."

धामण जवळ आली आणि तिने झडप घातली. कचकन आवाज झाला.

धामणीच्या जबड्यात कवठ होतं. चांगलं चिमाबाईएवढं. आणि चिमाबाई फांदीवर उभी होती. तिने ते कवठ कुठून काढलं, हे मला विचारू नका. मीही डोळे मिटले होते.

धामणीने कवठ थुंकलं. दोन दात पडले होते. ती गहिवरून म्हणाली, "चिमाताई, पुन्हा एकदा!"

"कोण बोलतंय ते?" सिंह डोळे न उघडताच गुरगुरला. "अरसिकाला बाहेर काढा!"

रानडुकरांनी धामणीला उचलून ओढ्यापलीकडे ठेवलं. मग महाराजांनी चिमाबाईला शाल पांघरली. म्हणजे पांघरली अस्वलाला; डोळे मिटलेले होते ना. चिमाबाई केव्हाच धामणीमागे निघाली होती.

हल्ली रोज सकाळी ओढ्यापलीकडे खेळ होतो. प्रेक्षक एक. चिमाबाई इतकी खुशीत कधीच नव्हती. कवठांचा हंगाम मात्र संपत आलाय.

तात्पर्य: मुलांनो, आपल्याला खायला जो टपलेला असतो, तोच आपल्याकडे नीट लक्ष देतो. बाकीचे नुसती दाद देतात.