लेम गॅफनीचे हिरवे मोजे

"ट्रंक उघड आता! खुशाल उघड!" लेम गॅफनीने सकाळीच बायकोला फर्मावलं. "एल्कफर्डच्या संघातून मला काढणारा अजून जन्माला यायचाय!"

हेस्टरने हातांची माती झटकली. अकरा वर्षांत बारा गावं झाली होती, आणि प्रत्येक गावी हेच ऐकलं होतं. तसा लेम बेसबॉल बरा खेळायचा हो! डोक्यावर घेऊन नाचावं असा नव्हे, पण हाकलून द्यावं असाही नव्हे. तरी दर वर्षी कुणी ना कुणी हाकलायचंच. हेस्टर बिचारी प्रत्येक गावी परसात घेवडा लावायची, आणि शेंगा धरायच्या आत ट्रंक बांधायची. शेंगा खायचं भलतंच कुणीतरी!

"हे बघ लेम," ती म्हणाली, "आज मी बिया लावल्यात. या वेळी माझ्या हातचा घेवडा माझ्या ताटात पडला नाही, तर मी चालले भावाकडे. तू हिंड तुझा चेंडू घेऊन!"

"अगं, पडणार! आज सामना संपला की पेटिंगिलसाहेब करारावर सही करतायत. ऑक्टोबरपर्यंत पक्कं!"

सामना होता पाइनबरोशी. म्हणजे ज्यांनी तीनच आठवड्यांपूर्वी लेमला नारळ दिला होता, त्यांच्याशी!

आता एक सांगायलाच हवं. त्या वर्षी, १८८२ साली, लीगमधल्या शहाण्यांनी एक खूळ काढलं होतं. सदऱ्याचा रंग संघावरून नाही, जागेवरून! दुसरा बेस, म्हणजे धावणाऱ्याने गाठायचा दुसरा टप्पा, सांभाळणाऱ्याचा सदरा नारिंगी-काळा, पहिल्या बेसवाल्याचा लाल-पांढरा, मग तो कुठल्याही संघाचा असो! संघ ओळखायचा तो फक्त मोज्यांवरून. एल्कफर्डचे हिरवे, पाइनबरोचे तपकिरी. लेम दोन्हीकडे दुसऱ्या बेसवरच, त्यामुळे सदरा तोच, मोजे तेवढे नवे.

पण लेमने युक्ती काढून ठेवली होती. घोटाळा वाटला की खाली बघायचं! आपले मोजे बघायचे, समोरच्याचे बघायचे. जुळले तर आपला, नाही तर परका. त्यात काय एवढं?

तिसऱ्या डावात फलंदाजी पाइनबरोची होती. त्यांचा पहिला बेसवाला ओटो क्रेबिल दुसऱ्या बेसकडे धावायच्या तयारीत पहिल्या बेसपासून चार पावलं पुढे येऊन उभा होता. हा ओटो म्हणजे लेमचा जुना दोस्त, पाइनबरोला एकाच घरात भाड्याने राहिलेले दोघं. चेंडू सणसणत लेमकडे आला. लेमने तो उचलला, वर बघितलं, लाल-पांढरा सदरा दिसला आणि दिला फेकून! खाली बघायला वेळ कुठला?

आणि ओटोने तो झेलला! दोन महिने लेमने फेकायचा आणि ओटोने झेलायचा, हात आपले आपणच वर गेले.

दोघं एकमेकांकडे बघतायत.

"अरे, मला का दिलास?" ओटो ओरडला.

"अरे, तू का घेतलास?" लेम ओरडला.

पंचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "धावणाऱ्याने चेंडू धरला. धावणारा बाद!"

एल्कफर्डवाल्यांनी नुसता कल्ला केला! पेटिंगिलसाहेब धावत आले. "गॅफनी! काय डोकं चालवलंस रे! मुद्दामच केलंस ना?"

"म्हणजे काय साहेब," लेम म्हणाला, "किती दिवस मनात होतं!"

साहेबांनी खिशातला करार काढून दाखवला. लेमने प्रेक्षकांत बसलेल्या हेस्टरला हात केला. बाईंच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांत पहिल्यांदा हसू फुटलं.

शेवटचा डाव. एल्कफर्ड एका धावेने मागे, तीनपैकी दोन गडी बाद, आणि लेम घसरत घसरत दुसऱ्या बेसवर पोचलेला. तो तिथून शेवटच्या, म्हणजे घरच्या बेसवर पोचला की बरोबरी! बेसभोवती ही चिखलाची राड! लेम उठला तो कमरेपर्यंत माखून.

उभा राहून त्याने सभोवार बघितलं. पहिल्या बेसवर ओटो. चेंडू टाकायला पाइनबरोचाच जुना गडी. सगळे ओळखीचे, सगळे आपापल्या जागी. आणि आपण? आपण दुसऱ्या बेसपाशी, नारिंगी-काळ्या सदऱ्यात. मी नक्की कुणाचा?

घाबरायचं कशाला! युक्ती होती ना! लेमने खाली बघितलं.

मोजे तपकिरी!

तेवढ्यात चेंडू आलाच. लेमने झेप घेतली, एका हाताने तो धरला आणि पहिल्या बेसवर ओटोला असा फेकला, की तशी फेक त्याला साऱ्या जन्मात जमली नव्हती. मग दोन्ही हात उंचावून तो नाचायला लागला.

"धावणाऱ्याने चेंडू धरला," पंच थकलेल्या आवाजात म्हणाले. "धावणारा बाद. सामना पाइनबरोचा."

नाचता नाचता लेम थांबला. त्याच्या पोटरीवरून चिखलाचा पोपडा गळून पडला आणि आतून हिरवा रंग डोकावला.

पेटिंगिलसाहेबांनी कराराचे किती तुकडे केले, ते विचारू नका. पण त्याच वेळी पाइनबरोचे स्नायडरसाहेब पुढे आले. "गॅफनी, आमच्या नव्या पोराने आज चार चेंडू सोडलेत. आमच्याविरुद्ध खेळून तू आम्हाला जिंकून दिलंस, तर आमच्याकडून खेळून काय करशील! येतोस परत? ऑक्टोबरपर्यंत?"

लेम चोरासारखा हेस्टरसमोर जाऊन उभा राहिला. "ट्रंक..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"कुठलं गाव?" हेस्टरने विचारलं.

"पाइनबरो."

हेस्टर एकदम उजळलीच! "अरे, तिथे मी मेमध्ये लावलेला घेवडा आहे! आत्ता शेंगा अगदी भरल्या असतील! लेम, या वेळी मी माझा घेवडा खाणार!"

मागे ओटो उभा होता. तो हातातली टोपी गोल गोल फिरवायला लागला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "तो घेवडा ना, घरमालकिणीने परवाच केला होता. छान झाला होता. मीठ तेवढं जरा कमी होतं."