अमर पहारेकरी

तुम्हाला म्हणून सांगतो, त्या दिवशी काही चुकणं शक्यच नव्हतं! तसा बंदोबस्त मी स्वतः केला होता.

आमचा कॉम्प्युटर गेम बनवायचा स्टुडिओ म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, मी आणि माझा मेहुणा. तीन वर्षं खपून आम्ही बेचाळीस टप्प्यांचा गेम बनवला होता. किल्ला, भुयारं, आग ओकणारा राक्षस, सगळं! तो बघायला एका मोठ्या कंपनीच्या बाई येणार होत्या. त्यांनी घेतला तर ठीक, नाहीतर मेहुणा विमा कंपनीत नोकरीला जाणार. तिकडे उत्तर कळवायची मुदत त्याच संध्याकाळी सहाची. आणि मेहुणा गेला की स्टुडिओ संपला. मला नुसती चित्रं काढता येतात हो!

बाई पहिल्याच लढाईत मेल्या तर? या धास्तीने दोन दिवस मला घास गिळवेना. म्हणून सकाळी मी गुपचूप 'अमर' हे बटण दाबून ठेवलं. मेहुण्याने ते तपासणीसाठी केलं होतं. मी त्याला कधी हात लावला नव्हता.

बाई आल्या, दाढ काढायला आल्यासारखं तोंड करून बसल्या आणि खेळू लागल्या. किल्ल्याच्या दारात पहिला पहारेकरी. बिचारा तीन फटक्यांत मरणारा! त्याचा आवाज तात्पुरता म्हणून बाबांकडून करून घेतला होता. बाबांची तीस वर्षं सरकारी कचेरीच्या खिडकीमागे गेलेली. "काहीही बोला," म्हणालो, तर बोलले. मग म्हणाले, "आता तुझा गेम दाखव की एकदा." मी म्हणालो, "उद्या." तीन वर्षं मी त्यांना हेच सांगत आलो होतो.

बाईंनी तलवार हाणली.

"उद्या या," पहारेकरी म्हणाला.

आणखी एक फटका. "उद्या या."

दहाव्या फटक्याला मेहुणा माझ्या कानाशी आला. "भाऊजी, तुम्ही अमर दाबलंत?"

"हो. बाई मरू नयेत म्हणून."

"अहो, त्याने सगळेच अमर होतात!"

"मग बंद कर ना!"

"सगळा गेम बंद करावा लागेल. त्यांच्यासमोर करू?"

"हा मरत का नाही?" बाईंनी वळून विचारलं.

"मुद्दाम तसा ठेवलाय," मी म्हणालो.

"आता मरेलच," मेहुणा त्याच क्षणी म्हणाला.

बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं, कोट काढला आणि पुन्हा भिडल्या. भाला फेकला, दगड मारले, शेवटी हात जोडल्यागत त्याच्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. "उद्या या!" वीस मिनिटं! माझा शर्ट पाठीला चिकटला. मेहुणा फोनवर विमा कंपनीचा नंबर शोधू लागला.

आणि बाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! "घराच्या एका कागदासाठी मी आठ महिने या माणसासमोर उभी होते! घेतला तुमचा गेम!"

मी मेहुण्याला मिठीच मारली.

"फक्त किल्ला, भुयारं, राक्षस सगळं काढून टाका," बाई म्हणाल्या. "एक दार आणि हा. बस्स! आवाज मात्र हाच हवा. ज्यांचा आहे त्यांची सही पाचपर्यंत आणा. सातला माझं विमान आहे."

बेचाळीस टप्पे गेले. रडायलाही वेळ नव्हता. मेहुण्याच्या स्कूटरवरून घर गाठलं. त्याला खाली थांबवून मी धापा टाकत बाबांसमोर कागद ठेवला.

"बाबा, एक सही! सगळं तुमच्या हातात आहे!"

बाबांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला. सावकाश पेनचं टोपण काढलं. "तो गेम तरी दाखव आधी. कशावर सही करतोय ते कळू दे."

"आत्ता कुठे बाबा! उद्या दाखवतो ना..."

बोललो आणि जीभ चावली. बाबांनी टोपण परत लावलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीमागच्या त्या तीस वर्षांच्या आवाजात म्हणाले,

"उद्या या."