बेलवले सर आणि चढलेली हिंसा

बेलवले सर नुसती नाडी पाहून समोरच्या मुलानं आज किती जणांना ठार मारलंय ते सांगायचे. मनगट धरायचं, डोळे मिटायचे, ओठांत काहीतरी पुटपुटायचं आणि मग निकाल द्यायचा, "कमीत कमी तिघे. हिंसा चढलीय!" चढलीय म्हणजे ताप चढावा तशी. पोरगा बिचारा "सर, मी धावत आलो म्हणून..." असं म्हणत रडकुंडीला यायचा. पण व्हिडिओ गेमच्या दुकानातून निघालेलं पोर धावत आलं काय आणि रांगत आलं काय, सरांच्या लेखी ते खुनीच.

किन्हवलीच्या हायस्कुलात सर विज्ञान शिकवायचे आणि मी भूगोल. दोघंही राहायला शहापूरला, त्यामुळे जाता-येता एकच एसटी. दिवसभर शाळेत त्यांचं ऐकायचं आणि संध्याकाळी सुटका झाली म्हणावं तर हे शेजारच्या सीटवर हजर. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. शहापूरच्या स्टँडसमोरच्या गल्लीत वसंता नावाच्या एका तरुणानं गाळा घेऊन चार खोकी मांडली होती. कपाटाएवढं खोकं, वर पडदा, खाली एक दांडा आणि बटणं. नाणं टाकलं की पडद्यावर दोन पहिलवान उभे राहायचे आणि एकमेकांना लाथाबुक्क्यांनी तुडवायचे. एकाच्या नाकातून रक्त उडालं की बाहेर उभी पोरं टाळ्या पिटायची. मला त्यात पाहण्यासारखं काही दिसलं नाही. घाबरण्यासारखंही नाही. याहून वाईट मारामारी मी आमच्या स्टाफरूममध्ये दिवाळीच्या सुट्टीच्या तारखांवरून पाहिली होती.

सरांना मात्र त्या खोक्यांत जगाचा अंत दिसला. रोज संध्याकाळी एसटीतून उतरलं की मी घरी जायची आणि हे गृहस्थ गल्लीच्या तोंडाशी रसवंतीच्या छपराखाली उभे राहायचे. समोर दुकान. टेहळणी चालू. आमची शाळा किन्हवलीला, आमची मुलं तिथं शेतावर नाहीतर गुरांमागे, आणि यांचा पहारा शहापूरला! मी एकदा तसं म्हणाले, तर सर म्हणाले, "बाई, पुराचं पाणी खालच्या गावात शिरल्यावर बघायचं नसतं. वरच्या धरणावर लक्ष ठेवायचं असतं." भूगोल मलाच शिकवायला निघाले.

बरं, रागावर बोलायचा अधिकार कुणाला असेल तर तो सरांनाच, कारण तितका अनुभव तालुक्यात दुसऱ्या कुणाला नव्हता. खडूचा नेम चुकला तर डस्टर, डस्टरचा चुकला तर स्वतः सर. 'संयम' या विषयावर बोलताना त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली होती की काच आरपार तडकली. एरवी बोलणं अगदी पाठ्यपुस्तकातलं. पण डोकं फिरलं की सर थेट गावच्या बोलीवर उतरायचे. कंडक्टरनं जरा पुढं सरका म्हटलं की, "आमी काय तुज्या बापाच्या मांडीवर बसू काय रं? जागा नाय दिसत?" आणि पाच मिनिटांनी माझ्याकडे वळून, "पाहिलंत बाई? माणसाचा ताण असा वाढतो. त्यात ते गेम!"

एका शनिवारी त्यांनी हे शास्त्रानं सिद्ध करायचं ठरवलं. शाळेचा टीव्ही वर्गात आणला. कुठूनसा कॅसेट घालायचा टीव्ही गेम मागून आणला. नववीच्या मुलांचे दोन गट पाडले. एकानं वर्गात बसून पडद्यावर माणसं मारायची, दुसऱ्यानं मैदानात लगोरी खेळायची. खेळाआधी नाडी, खेळानंतर नाडी. मला म्हणाले, "बाई, तुम्ही साक्षीदार." घरी जाऊन मला पापड लाटायचे होते, पण फुकटचा तमाशा मी सहसा सोडत नाही.

तासाभरानं मैदानातून आरडाओरडा आला. लगोरी फुटली की नाही यावरून दोन्ही बाजू भिडल्या होत्या. एकाचा सदरा टरकला होता, एकाचा ओठ फुटला होता, आणि एक जण लगोरीतलाच दगड घेऊन दुसऱ्याच्या मागे पळत होता. शिपाई काळूराम मध्ये पडला तर त्याची टोपी गेली. आणि वर्गात? वर्गात तासभर माणसं मारलेली पोरं भिंतीला टेकून गायीसारखी शांत बसली होती. एकाला जांभया येत होत्या. दुसरा म्हणाला, "सर, दुसरी कॅसेट नाय काय? यात त्येच त्येच हाय."

सरांनी एकेकाची नाडी पाहिली. मग पुन्हा पाहिली. चेहरा काळवंडला. जांभई देणाऱ्याला म्हणाले, "तुला राग येत नाही?"

"नाय सर."

"कुणाला मारावंसं वाटत नाही?"

"नाय सर. भूक लागलीय."

"खोटं बोलतोस!" म्हणत सरांनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पोराची जांभई अर्ध्यातच मिटली. तेवढ्यात टोपी शोधत आलेल्या काळूरामनं सरांचंच मनगट धरलं आणि गंभीरपणे म्हणाला, "सर, सगल्यांत जोरात तुमचीच पलतेय." मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं. सर मात्र एसटीत बसल्यावर म्हणाले, "परिणाम उशिरा दिसतो, बाई. गोवरासारखा." असं शास्त्र असेल तर पापड लाटणं बरं.

आता लढाई शहापुरातच द्यायची असं त्यांनी ठरवलं. पालकांना गोळा केलं, ग्रामपंचायतीच्या एका सदस्यांना बोलावलं आणि भाषण ठोकलं. पोरं आधी पडद्यावर मारतील, मग एकमेकांना, मग तुम्हाला! बायकांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारबाबा तर आपल्या नातवाकडे असे बघू लागले, जणू त्याच्या हाती कोयताच आहे. शेवटी सदस्य उठून म्हणाले, "सरांचं बरोबर हाय. येत्या सोमवारी दुकानाला टाळं."

टाळ्या पडल्या. सरांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"टाळं?" ते म्हणाले. "टाळं कशाला? समज द्या."

"तुमीच तं सांगताय, पोरं खुनी व्हतील."

"होतील. पण टाळं लावलं तर तो दुकानदार जाईल कुठं? कल्याणला जाईल, नायतर त्याच्याबी पुढं जाईल."

"जाऊ दे ना मंग."

"नाय जाऊ द्यायचा!" सरांनी मूठ आपटली. "दुकान हितंच ऱ्हाईल! टाळंबिळं नाय!"

सभा संपली. लोक एकमेकांकडे बघत घरी गेले. हा माणूस चळलाय याबद्दल माझ्या मनात तोवर थोडी शंका होती, ती फिटली.

दुसऱ्या दिवशी रसवंतीवाल्या काकूंकडे मी हे रंगवून सांगत होते. काकूंनी उसाची मोळी बाजूला ठेवली आणि माझ्याकडेच खुळ्यासारखं पाहिलं. "अगो बाई, तुमाला म्हाईत नाय? वसंता सरांचा धाकटा भाऊ."

मग त्यांनी सांगितलं. बाप लवकर गेला. सरांनीच वसंताला वाढवला, कॉलेजात घातला. त्यानं कॉलेज अर्धवट सोडलं आणि स्वतःच्या हळदीच्या दिवशी, भर मांडवात सांगितलं, मी गेमचं दुकान टाकतोय. सरांनी सगळ्या पाहुण्यांदेखत त्याच्या हळदीच्या गालावर थोबाडीत मारली. लग्न लागलं आणि बायकोला घेऊन तो वेगळा झाला. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. "मंग काय करतील सर?" काकू म्हणाल्या. "येतात, उभं ऱ्हातात, बघतात आन जातात. रस बी घेत नायत."

म्हणजे इतकी वर्षं आमच्या तालुक्याला हिंसेचं जे शास्त्र ऐकावं लागलं, त्याचा सगळा पाया एक थोबाडीत होता, आणि तीही सरांनीच मारलेली.

पुढे मार्चमध्ये परीक्षा सुरू झाल्या. दुकानात चिटपाखरू नव्हतं. एका दुपारी आमच्या शाळेचा सकाळचा पेपर आटोपून आम्ही परतलो, तर ऊन इतकं होतं की मी रसवंतीत टेकले. सर नेहमीच्या जागी उभेच. सरांनी दुकानाला टाळं लावू दिलं नाही, हे कुणीतरी वसंताच्या कानावर घातलं असावं. तो दुकानाच्या पायरीवर आला, गल्ली ओलांडून आमच्यापाशी थांबला आणि सरांकडे न बघता म्हणाला, "काकू, त्यांना सांगा, उन्हात उभे नका ऱ्हाऊ. आत पंखा हाय."

सरांनीही काकूंनाच उत्तर दिलं. "त्याला सांगा, मी विद्यार्थी पकडायला उभा आहे."

"सांगा त्यांना, विद्यार्थी पेपर लिवतायत."

काकू उसाचं कांडं हातात धरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या. वसंता परत गेला. सर गल्ली ओलांडून गेले आणि चपला काढाव्यात की नाही अशा घोटाळ्यात दुकानाच्या पायरीवर चढले. मी रसाचा ग्लास घेऊन दारापर्यंत गेले. सांगितलंच आहे, तमाशा मी सोडत नाही.

वसंतानं नाणं टाकलं. एका दांड्याकडे बोट दाखवलं, दुसरा स्वतः धरला. पडद्यावर दोन पहिलवान उभे राहिले. वसंताच्या पहिलवानानं लाथ घातली. गुद्दे घातले. उचलून आपटला. सरांचा पहिलवान नुसता उभा. आडवा पडला, उठला, पुन्हा उभा. वसंताचे दात आवळलेले, बटणांवर बोटं थाडथाड पडत होती.

"बटण दाब ना, दादा!" तो शेवटी ओरडला.

"दाबतोय की."

सरांचे दोन्ही हात पाठीमागे होते. एकात एक घट्ट धरलेले.

वसंतानं ते पाहिलं. त्याचीही बोटं थांबली. पडद्यावरचे दोघे पहिलवान मुठी वर करून समोरासमोर जागच्या जागी हलत राहिले. कुणी कुणाला मारेना. वरचे आकडे कमी कमी होत संपले, यंत्रानं काहीतरी इंग्रजीत बोंब मारली, तरी दोघं पडद्याकडेच बघत उभे.

"आई कशी हाय?" वसंतानं विचारलं.

"गुडघे दुखतात तिचे," सर म्हणाले. "विचारत असते."

"काय?"

"तुझंच. कसा आहेस ते."

मी उरलेला रस तिथंच पायरीवर ओतला आणि एसटी लागली आहे का ते बघायला गेले. मला कुठंही जायचं नव्हतं.