भुसारीकाकांची नेलपॉलिश

रायपूरच्या सदर बाजारात लोक सोनं घ्यायला जातात, बांगड्या घ्यायला जातात. आमचे भुसारीकाका गाडीचा बंपर घेऊन नेलपॉलिश घ्यायला गेले. अख्खा बंपर, गाडीचा काढून, स्कूटरवर. पुढे काका, मागे मी आणि माझ्या खांद्यावर नांगरासारखा तो बंपर. एरवी त्या गल्लीत पायी चालणाऱ्यालाही वाट मिळत नाही. त्या दिवशी लोक आपणहून बाजूला होत होते. एकाने तर हात जोडले, काय समजला कोण जाणे.

काका आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, भिंतीला भिंत लागून. पाटबंधारे खात्यातून बडे बाबू म्हणून रिटायर झाले. घराणं भंडाऱ्याकडचं, जन्म रायपूरचा. घरात मराठी, दुकानात हिंदी, कामवाल्या बाईशी छत्तीसगढी, आणि रागावले की तिन्ही एकदम.

"याले दुकान काहून पायजे?" हा त्यांचा आवडता प्रश्न. चपलेचा अंगठा, मिक्सरचं भांडं, काकूंचा चष्मा, सगळं त्यांनी घरीच दुरुस्त केलंय. काकूंचा चष्मा तेव्हापासून नाकावर तिरपा बसतो. स्वतःचे केसही ते स्वतःच कापतात, त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

गाडी सेकंडहँड, आणि काका ती चालवायला शिकले रिटायर झाल्यावर. तेव्हापासून पाऱ्यात कोणाला स्टेशनवर जायचं असो, कोणाच्या सासूला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं असो, काका चावी फिरवत हजर. पेट्रोलचे पैसे घेत नाहीत. फक्त वाटेत त्यांचं ऐकायचं. माझ्या मेव्हण्याला एकदा बीरगांवला सोडायला गेले आणि गोष्ट संपली नाही म्हणून कारखान्याच्या फाटकासमोर त्याला बराच वेळ उतरूच दिलं नाही. काकू म्हणतात, "घरी मी आयकत नाई ना, म्हणून पेट्रोल जाळून राहिले."

तर पंडरीच्या कपडा बाजारात रिव्हर्स घेताना मागचा बंपर कपड्याच्या गठ्ठ्यांच्या हातगाडीला घासला. "ठेला मधात आला," काका म्हणाले. ठेला जागेवर उभा होता, मी शेजारी बसून पाहिलं होतं, पण वाद कोण घालणार. बंपरला लांबलचक ओरखडा आणि वाटीएवढा खड्डा. गॅरेजवाला म्हणाला, नवा बंपर टाका. काका तिथल्या तिथे उखडले. "दात दुखला म्हणून मुंडकं बदलाचं का बे?"

पण खरी भानगड पैशाची नव्हतीच. त्यांचा मुलगा निखिल त्याच आठवड्यात बायकोला घेऊन हैदराबादहून येणार होता, आणि मागच्या वेळी जाताना तो सांगून गेला होता, "बाबा, गाडीला एक जरी नवा ओरखडा दिसला ना, तो चाबी मैं लेकर जाऊंगा. वय झालं आता तुमचं." पोरगा प्रेमाचाच, पण बोलतो ते करतो.

काकांनी मला गेटपाशी गाठलं. "चावी गेली तर दिवसभर मी काय करू बे? भिंतीशी बोलू?" हसतच म्हणाले, पण माझा हात काही सोडेनात. मला एकदम वाईट वाटलं. बंपर मी खांद्यावर घेतला तो असा.

त्याआधी घरची कारागिरी झाली होती. खड्ड्यावर उकळतं पाणी ओतून काकांनी आतून अंगठा दाबला आणि खड्डा टप्पकन बाहेर आला. पाणी काकूंच्या चहाचं होतं, त्यावरून जे झालं ते झालं. मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून आम्ही ओरखडा घासत बसलो. राहिला रंग. गाडीचा रंग धड सोनेरी नाही, धड पांढरा नाही. काका त्याला गव्हाळ म्हणायचे. रंगवाला अख्ख्या डब्यापेक्षा कमी रंग द्यायला तयार नव्हता, म्हणून नेलपॉलिश.

दुकानातली मुलगी मराठी घरची, पण उत्तर हिंदीतच. "अंकल, आंटी के लिए?"

"नाई वो पोरी, बंपरले पायजे," म्हणत काकांनी बंपर काउंटरवर टेकवला.

मुलगी जराही गडबडली नाही. "मैट दिखाऊं कि शिमर?"

पाच मिनिटांत चार गिऱ्हाइकं आमच्याभोवती. एक बाई बंपरला नख लावून रंग जुळवू लागल्या. "ये वाला लो भैया, ननद को शादी में लगाया था, हफ्ताभर नहीं निकला."

काकांनी गंभीरपणे विचारलं, "ननदबाईनं बर्तन घासे थे क्या?"

रंग एकमताने पसंत झाला, दुकानाच्या पिवळ्या दिव्यात. घरी उन्हात लावला तर बंपर गुलाबी. "लाजून राहिला," काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वरात. या खेपेला काकांनी प्रत्येक बाटली रस्त्यावर उन्हात नेऊन पाहिली, आणि दुकानातली मुलगी बाटल्या मोजत मागोमाग. शेवटी जमलं. वरून बिनरंगाच्या नेलपॉलिशचा हात मारला. दोन हातांवरून पाहिलं तर कुठे लागलं होतं ते मलाही सापडेना.

निखिल आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, बंपरवरून हात फिरवला. "अच्छी रखी है बाबा." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू दाबता येईना.

संध्याकाळी निखिल मिठाई आणायला गाडी घेऊन गेला. परत येताना गेटमध्ये गाडी मागे घेतली, एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताने कानाला फोन. खर्रर्र. गेटचा खांब बंपरला चांगलाच घासला. त्याला पत्ताच नाही, बोलत बोलत मिठाईचा डबा घेऊन आत गेला. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. काका अर्धवट उठले आणि परत बसले.

सकाळी त्याला दिसलं. "बाबा, हे काय?"

मी तोंड उघडलं. काकांनी माझा गुडघा घट्ट दाबला. "माह्याच हातून झालं. काल मिठाई आणल्यावर तू आत फोनवर बोलत होता ना, तवा काढली होती जरा."

निखिलने हात पुढे केला. काकांनी खिशातून चावी काढून दिली. दुपारी पंगत बसली, भिंतीपलीकडून काकूंचं "अजून एक घे" आणि निखिलचं हसणं मला ऐकू येत होतं. रात्रीच्या ट्रेनने तो बायकोला घेऊन, चावीसकट गेला.

दुसऱ्या दिवशी मी तणतणतच गेलो. काका अंगणात बंपरचे स्क्रू काढत बसले होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही काहून बोलले नाही? त्यानंच घासली ना? आता बसा घरात."

काका खाली मान घालून स्क्रू फिरवत राहिले. "लहानपणी याच्या हातून साधा कप फुटला तरी दोन-दोन टाईम जेवत नव्हता हा. किती समजावलं, तोंडात घास नाई घ्यायचा. वर्षातून एकदा येते पोट्टा. त्याले उपाशी पाठवू का बे?"

मी बंपरचं दुसरं टोक धरलं.