समोरची खुर्ची

"पगाराचं आज मीच बोलणार, तेही छातीठोकपणे," असं बायकोला ऐकवून होयबा घराबाहेर पडला. जुन्या ऑफिसातल्या लोकांनी त्याला हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. साहेब म्हणाले दिवस, तर हा म्हणे दिवस. साहेब म्हणाले रात्र, तर हा कंदील शोधायला लागे. ते ऑफिस बंद पडल्यापासून स्वारी घरीच होती. म्हणून बायकोने आठवडाभर घोकून घेतलं होतं: पहिल्या आकड्याला हो म्हणायचं नाही.

फर्निचरच्या कारखान्यात हिशेबनीस हवा होता. मालक गोदामात होते, शिपायाने त्याला केबिनमध्ये बसवलं. टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीची स्प्रिंग वर आली होती. फर्निचरवाल्याच्याच घरी मोडकी खुर्ची! इस्त्रीची पँट फाटायला नको, म्हणून तो पलीकडे मालकाच्या खुर्चीत जरासा टेकला.

तेवढ्यात दुसरी उमेदवार आली. "नमस्कार सर," म्हणत तिने फाईल पुढे केली आणि स्प्रिंग चुकवून कडेला बसली. होयबाला जन्मात कोणी सर म्हटलं नव्हतं. खुलासा करायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं आणि फाईल चाळली. बाईंचं काम चोख दिसत होतं.

पगाराचं आधीच बोलले तर चालेल का, असं तिने विचारलं आणि चाचरत तीस हजार सांगितले.

घोकलेलं सगळं होयबाच्या तोंडून धबाधबा बाहेर आलं. एवढा अनुभव गाठीशी असताना तीस कसले मागता, घरभाडं आहे, पोरांच्या फिया आहेत, माणसाने स्वतःची किंमत स्वतः करावी, मान वर करून चाळीस मागावेत.

बाई ताठ बसल्या. "मग चाळीस द्या, सर."

"हो," होयबा म्हणाला. सवयच ती.

नेमके तेव्हाच मालक आत आले. त्यांच्या भागीदाराचा मेहुणा मुलाखती घ्यायला येणार होता, तो हाच असं ते समजले. सरांनी चाळीस कबूल केल्याचं बाईंनी सांगताच त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. पण परक्या बाईंसमोर भागीदाराच्या मेहुण्याचा शब्द कसा मोडायचा? त्यांनी चार प्रश्न विचारले, उत्तरं पटली, आणि सोमवारपासून या म्हणून सांगितलं.

बाई गेल्यावर मालक म्हणाले, "मेहुणे, हात जरा सैल आहे तुमचा. बरं, तो दुसरा उमेदवार कुठे राहिला?"

"तो मीच," होयबा म्हणाला.

मालक मटकन खाली बसले, आणि तितक्याच वेगाने उठले. स्प्रिंग शाबूत होती. मग मात्र त्यांना हसू आवरेना. त्यांनी चहा पाजला, दारापर्यंत सोडायला आले, पण जागा एकच होती आणि ती भरली होती.

घरी बायको दारातच उभी होती.

"पगाराचं बोललास?"

"बोललो."

"किती?"

"चाळीस."

"आणि मालक?"

"मान्य केलं त्यांनी."

तिने हर्षाने तिथल्या तिथे आईला फोन लावला. पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, तेव्हा होयबा चपला काढता काढता हळूच म्हणाला, "मला नाही गं. माझ्यानंतर आलेल्या बाईंना."